दोन ठोके

शरणम्माचं बोलणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळत नाही. दुसऱ्यांदाही कळत नाही. मला कळायला दोन महिने लागले, आणि तेही मी हुशार म्हणून नव्हे. दर मंगळवारी मी तिच्या घरी जायचे आणि तिची आई नागव्वा चहा करून आणेपर्यंत तिच्याशी भांडायचे. भांडणात माणूस एकच गोष्ट चार वेळा सांगतो, त्यामुळे कान लवकर तयार होतो.

मी हुलिगेम्मा. कोप्पळ जिल्ह्यातल्या आमच्या पंचायतीत बारा वर्षं पुनर्वसन कार्यकर्ती आहे. अपंगांचे दाखले, पेन्शन, कुबड्या, तीनचाकी, बसचा पास, सगळ्यांचे अर्ज मीच लिहिते आणि तालुक्याला जाऊन साहेबांच्या टेबलावर मीच ठेवते. माझा डावा पाय पोलिओने लहानपणीच नेला म्हणून ही नोकरी मिळाली, आणि देवीने तोंड दिलं म्हणून ती टिकली. तालुका कचेरीतला शिपाई मला लांबून बघितलं की चहाला निघून जातो.

शरणम्मा तेव्हा दहा वर्षांची होती, आता एकोणीस. जन्मताना तिचा श्वास अडकला आणि मेंदूला मार बसला. हात आणि मान तिच्या मर्जीने चालत नाहीत, जीभ जड. डोकं मात्र लख्ख. एकदा वाचलेलं ती विसरत नाही, आणि माझी चूक तर सात जन्म विसरणार नाही.

आमची पद्धत अशी. ती एक वाक्य बोलते. समोरच्याला कळावं म्हणून तेच वाक्य मी मोठ्याने परत बोलते. तिच्या चाकाच्या खुर्चीला पुढे एक लाकडी फळी आहे, आमच्या सुताराने बसवलेली. मी बरोबर बोलले तर ती त्या फळीवर मुठीने एक ठोका मारते. चुकले तर दोन. दोन वाजले की मी गप्प बसायचं आणि ती पुन्हा सांगणार. ही पद्धत तिने बाराव्या वर्षी घातली. दवाखान्यात डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, ती सांगायला लागली, आणि तिचं वाक्य संपायच्या आत मी "पोट दुखतंय" असं सांगून मोकळी झाले. दुखत होती पाठ. दोन दिवस तिने पोटाच्या गोळ्या गिळल्या, तिसऱ्या दिवशी माझ्या लुगड्यावर थुंकल्या.

"अक्का," ती म्हणाली होती, "तू माझं तोंड हो. डोकं माझं मला आहे."

तर ही पोर मागच्या वर्षी बारावीला इतिहासात नापास झाली. शंभरात सतरा.

तिला लिहिता येत नाही म्हणून परीक्षेत लेखनिक मिळतो. ती सांगणार, तो लिहिणार. मी बसू शकत नव्हते; माझं शिक्षण जास्त म्हणे, मी उत्तरं पुरवीन. केंद्रावाल्यांनी त्याच सकाळी नववीतली एक पोर पकडून आणली. बिचारी घाबरून गेलेली, शरणम्माचा एक शब्द तिला कळत नव्हता. तीन तास शरणम्मा घसा कोरडा पडेपर्यंत उत्तरं सांगत राहिली आणि ती पोर मान डोलवत आपल्या मनाचं लिहीत राहिली. शरणम्माला समोरचा कागद दिसत होता, डोळे काही अधू नव्हते. तिने बाकावर दोन ठोके मारले. पुन्हा दोन मारले. पर्यवेक्षकाला वाटलं फिट आली. त्याने पाणी मागवलं, तिच्या तोंडावर शिंपडलं आणि म्हणाला, "शांत बस बाळा, घाबरू नकोस."

निकालानंतर आम्ही उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. विजयनगरच्या राज्यकारभारावर दहा गुणांचा प्रश्न होता. तो शरणम्माला झोपेतही येतो. राजे आपल्या नायकांकडून, म्हणजे सरदारांकडून, किती घोडे, किती सैन्य घेत, सगळं. कागदावर लिहिलेलं होतं, "हंपी फार सुंदर आहे. आम्ही तिथे सहलीला गेलो होतो. खूप मजा आली."

शरणम्माला शाळेने एकदाही सहलीला नेलेलं नाही. खुर्ची बसमध्ये चढत नाही, हे कारण. त्या दिवशी ती रडली नाही, पण मी रडले, आणि नंतर त्या नववीतल्या पोरीला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि मग लाज वाटून त्या परत घेतल्या. तिचा काय दोष होता?

शरणम्मा मात्र कामाला लागली. फोनवर एका बोटाने एकेक अक्षर टाइप करत तिने जिल्हाभर निरोप धाडले. कोणाकोणाच्या लेखनिकाने मनाचं लिहिलं? पावसाळा संपेपर्यंत तिच्यासकट सातजण झाले. सातांच्या उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स तिने गोळा केल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुर्चीच्या मागे टांगल्या. नोव्हेंबरात कोप्पळला जिल्ह्यातल्या चाळीस अपंग पोरापोरींची सभा झाली. राज्याचं नवं धोरण लिहिलं जाणार होतं, त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यातून एक तरुण प्रतिनिधी बेंगळुरूला जायचा होता. एका गुळगुळीत बोलणाऱ्या पोराने वीस मिनिटं भाषण ठोकलं. शरणम्माने भाषण केलं नाही. तिने ती पिशवी सगळ्यांच्या हातातून फिरवली आणि विचारलं, "तुमच्याकडचं काय काय घालू?" पोरांनी तिलाच निवडलं.

बेंगळुरूला मिळणार होती तीन मिनिटं. त्या दिवशी जे बैठकीच्या टिपणात उतरेल तेच मसुद्यात जाणार, बाकीचं हवेत. आणि परीक्षा मार्चमध्ये. नियम झाला नाही तर पुन्हा त्याच सकाळी पकडून आणलेलं कोणीतरी तिच्या शेजारी बसणार, आणि इतर सहाजणांच्याही.

तीन मिनिटं म्हणजे आमच्यासाठी दीडच. ती बोलणार, मग मी बोलणार. महिनाभर आम्ही तिच्या घराच्या ओट्यावर सराव केला. चाळीस वाक्यांची अकरा केली. मी म्हटलं, "अगं, लिहून दे ना. तेच वाचतील."

"लिहून दिलेलं कोण वाचतं? तुझे बारा वर्षांचे अर्ज कोणी वाचले?"

"मग फोनला बोलू दे. आवाज असतो ना त्यात."

"फोन बोलला की लोक फोनकडे बघतात. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघायला हवं."

सरावात एकाच गोष्टीवरून आमची रोज जुंपायची. मला अर्जाची सवय. आमच्याकडे अर्ज कसा संपतो ते सगळ्यांना माहीत आहे: साहेबांनी दया करावी, गरिबाला पदरात घ्यावं. बारा वर्षांत माझ्या हातून एकही कागद त्याशिवाय गेलेला नाही. तिचं वाक्य संपलं की माझे हात आपोआप जुळायचे आणि शेपूट बाहेर पडायचं, "एवढी दया करा, साहेब." ठक् ठक्.

"दया काढ," ती म्हणायची.

"अगं, बोलायची रीत असते ती! नुसतं हवं हवं म्हटलं तर उद्धट वाटतं."

"तू कांदे घेतानासुद्धा दया करा म्हणतेस, अक्का. म्हणून ती बाई तुला सडके देते."

नागव्वा भाकरी थापता थापता हसायची. मी चिडून घरी जायचे. पण शेवटच्या आठवड्यात ते शेपूट गळालं. अकराच्या अकरा वाक्यं मी जशीच्या तशी बोलायला लागले, आणि वेळ आली दोन मिनिटं पन्नास सेकंद.

आम्ही तिघी हंपी एक्सप्रेसने निघालो. नागव्वाने दोन दिवसांची मजुरी बुडवली, कारण लेकीला उचलायचं म्हटलं तर माझा पाय कामाचा नाही. बांधून घेतलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी गाडीतच संपली. सकाळी त्या सभागृहात पोचलो तर दारातच उपमा आणि शिरा एका बशीत, आणि प्रत्येक पोराच्या छातीला एकेक गुलाब टोचणाऱ्या दोन बायका. त्यातली एक शरणम्माच्या गालाला हात लावून म्हणाली, "ही सगळी देवाची मुलं."

शरणम्मा काहीतरी बोलली. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"ती म्हणते," मी म्हटलं, "देवाची आहोत तर देवाला सांगा, व्यासपीठाला उतार बांध."

ठक्. बाई दुसऱ्या पोराला गुलाब टोचायला गेल्या.

व्यासपीठाला खरंच पाच पायऱ्या होत्या. म्हणून प्रतिनिधींनी खालूनच बोलायचं ठरलं होतं, दोन रांगांच्या मधल्या वाटेत माईक ठेवलेला. वर अध्यक्ष मॅडम, दोन मोठे अधिकारी, आणि कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन टिपण लिहिणारा रंगनाथ. मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. प्रत्येकाला नावाने हाक मारत होत्या, नीट ऐकत होत्या. पण टेबलावर पितळी घंटा होती आणि तीन मिनिटं झाली की ती वाजत होती. घंटा वाजली की बोलणारा मधल्या वाटेने परत, पुढचा माईकवर.

बेळगावचा झाला, बळ्ळारीचा झाला. मग "कोप्पळ, शरणम्मा!" अशी हाक आली. नागव्वाने खुर्ची माईकपर्यंत ढकलली आणि मागे जाऊन बसली. मी माईक तिच्या फळीच्या अगदी जवळ ओढला आणि शेजारी उभी राहिले. 

शरणम्माने पहिलं वाक्य म्हटलं. सभागृहात ते चमत्कारिक शांत होणं झालं, जे आम्हाला ठाऊक आहे. लोक खाली बघतात, घड्याळ बघतात, शेजाऱ्याकडे बघतात. मी म्हटलं, "मी शरणम्मा. मी नापास झाले नाही. मला नापास लिहिलं गेलं."

ठक्. माईकमधून तो ठोका मोठा वाजला. वर बसलेल्या एका अधिकाऱ्याने दचकून मान वर केली, आणि मग वरच ठेवली.

पुढची वाक्यं झाली. लेखनिक कसा मिळतो. विजयनगर. सहल. सहलीच्या वाक्याला कोणीतरी हसलं आणि पुढचं ऐकून गप्प झालं. सात उत्तरपत्रिका. मग मागण्या: लेखनिक सात दिवस आधी भेटला पाहिजे, म्हणजे कान तयार होतो. लिहिलेलं प्रत्येक उत्तर त्याने परत वाचून दाखवलं पाहिजे. मान्य असेल तरच पुढे. त्याला लागेल तेवढा वेळ वाढवून मिळाला पाहिजे. प्रत्येक वाक्यामागे एक ठोका. दहा वाक्यं, दहा ठोके. आतून मी अशी खूश होते की काय सांगू. बाई, आपण पोचलो, असं मनात म्हणत होते.

मॅडमचा हात घंटेकडे जाताना मला दिसला.

शरणम्माने अकरावं वाक्य म्हटलं. मी म्हटलं, "परीक्षा मार्चमध्ये आहे. नियम त्याआधी हवा." एवढंच होतं. तिथे थांबायचं होतं. पण तो घंटेकडे जाणारा हात, वर बसलेले साहेब, आणि माझी बारा वर्षं. माझे हात जुळले आणि तोंडातून निघून गेलं, "एवढी दया करा, मॅडम. आई मजुरी करते. गरिबाची लेक आहे, पदरात घ्या."

ठक् ठक्.

त्याच वेळी घंटा वाजली, त्यामुळे वरच्यांना ठोके वेगळे कळले नाहीत. मॅडमचा चेहरा मात्र विरघळला. आतापर्यंत त्या ऐकत होत्या. आता त्यांना वाईट वाटलं. हा फरक मी शंभर वेळा बघितलेला आहे, त्याच्यावरच माझं पोट चाललं आहे.

"अगं हो, बाळ," मॅडम म्हणाल्या. "असं कसं होऊ देऊ आम्ही? रंगनाथ, या मुलीचं नाव, नंबर घ्या. हिच्यापुरती विशेष परवानगी मी स्वतः मिळवून देते. हिला हवा तो लेखनिक, हवा तेवढा वेळ. ठीक? टाळ्या वाजवा सगळ्यांनी."

टाळ्या वाजल्या. मागे नागव्वा उभी राहिली होती. तिचे दोन्ही हात जोडलेले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि मी? खोटं कशाला बोलू, माझा जीव भांड्यात पडला. हिच्यापुरती तर हिच्यापुरती. मी हिला बसवीन मार्चमध्ये, मीच लिहीन, पोर पास होईल. नऊ वर्षं मी आणखी काय मागत होते?

टाळ्या थांबल्या. ठक् ठक्.

आता सगळ्यांना ऐकू आलं. मी शरणम्माकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मान खाली घालावी लागली असती.

"धन्यवाद, कोप्पळ," मॅडम म्हणाल्या. "पुढचा जिल्हा, बीदर."

ठक् ठक्.

"काय म्हणतेय ती?" मॅडमनी मला विचारलं.

मी म्हणू शकत होते, "आभार मानते, मॅडम." कोणाला कळलं असतं? त्या सभागृहात तिचं बोलणं कळणारी दोनच माणसं होती, आणि त्यातली एक मागे रडत होती. ते तीन शब्द माझ्या जिभेवर आलेले होते. तेव्हा मला ती नववीतली पोर आठवली. तिनेसुद्धा वाईट कुठे लिहिलं होतं? चांगलंच लिहिलं होतं. हंपी सुंदर आहे, मजा आली.

"मॅडम," मी म्हटलं, "शेवटचं तिने नाही म्हटलं. दया करा, गरिबाची लेक, ते सगळं माझं. मी मध्ये घातलं. ते खोडा."

मॅडम हसल्या. "असू दे हो. भावना पोचल्या आम्हाला."

ठक् ठक्.

"भावना नाही," शरणम्मा म्हणाली आणि मी म्हटलं. "मागणी. टिपणात काय लिहिलं ते वाचून दाखवा."

"अगं, पण वेळ झाली. बीदरची मुलगी थांबली आहे."

बीदरची मुलगी खरंच येऊन थांबली होती. अफशीन तिचं नाव, वीस-बावीसची, ऐकू न येणारी. तिच्याबरोबर हातांच्या खुणा बोलून दाखवणारा एक किडकिडीत तरुण. शरणम्माची खुर्ची माईकसमोर, वाटेच्या बरोबर मध्ये होती, आणि शरणम्माने ती हलवायला सांगितलं नव्हतं. मीही हात लावला नाही. अफशीनने खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग वर मॅडमकडे बघून झरझर हात चालवले.

"ती म्हणते," तो तरुण घसा खाकरत म्हणाला, "घंटा? मला तर काही ऐकू आलं नाही."

सगळं सभागृह हसलं. मॅडमना हसू आवरेना. "आणि तिची वेळ?"

अफशीनचे हात पुन्हा चालले. "ती म्हणते, परीक्षेत आम्हाला तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात. इथे वरच्या लोकांना हिशेब येत नाही का?"

पुन्हा हशा. एका अधिकाऱ्याने मॅडमच्या कानात काहीतरी सांगितलं. मॅडमनी घंटा उचलून टेबलाच्या पलीकडे ठेवली. "बरं. रंगनाथ, वाचा."

रंगनाथने चष्मा सारखा केला आणि वाचलं, "कोप्पळ जिल्ह्यातील दिव्यांग मुलीने परीक्षेसाठी सहानुभूतीपूर्वक मदत करण्याची विनंती केली."

संपलं. अकरा वाक्यांचं एवढंच. महिनाभराचा ओट्यावरचा सराव, सात उत्तरपत्रिका, सगळं त्या एका ओळीत बुडालं होतं. मला त्याचा असा राग आला की कुबडी असती तर फेकली असती. आणि लगेच कळलं की ती ओळ रंगनाथने नाही लिहिली. ती मीच त्याच्या हातात दिली. त्याने दहा वाक्यं ऐकली आणि अकराव्याला मी हात जोडले, मग त्याने दहा खोडली.

ठक् ठक्.

हसणं केव्हाच थांबलं होतं. आता कोणी खाली बघत नव्हतं. शरणम्माची मान एका बाजूला ओढली जात होती, दमली की जाते तशी. पण ती बोलायला लागली. सरावातलं नव्हतं हे. मी वाकून ऐकलं. पहिलं वाक्य ऐकलं आणि मी मागे नागव्वाकडे बघितलं.

"बोल, अक्का," ती म्हणाली. "जसंच्या तसं."

मी सरळ उभी राहिले.

"मला विशेष परवानगी नको," मी म्हटलं. ठक्. मागे नागव्वाचा हुंदका ऐकू आला. "मी पास झाले आणि सहाजण राहिले तर मी कशाची प्रतिनिधी?" ठक्.

पुढचं वाक्य तिने सावकाश म्हटलं, माझ्याकडे बघत. रागाने बघत नव्हती, तेच कठीण गेलं.

"ही हुलिगक्का," मी म्हटलं. "नऊ वर्षं माझं तोंड आहे. माझ्यावर जीव टाकते."

ठक्.

"तरी आत्ता तुमच्यासमोर तिने माझ्या तोंडात दया घातली."

माझा आवाज चिरकला. मला वाटलं ती दोन मारील, पुन्हा बोल म्हणेल. तिने एकच मारला.

"जीव लावणारं माणूस चुकतं, तर सकाळी पकडून आणलेली नववीतली पोर किती चुकेल?"

ठक्.

"हुलिगक्का चुकली ते कळलं, कारण मी तिला ऐकत होते. परीक्षेत आम्हाला कोण ऐकवतं? म्हणून वाचून दाखवणं हवं. परत वाचून दाखवल्याशिवाय माझ्या नावाखाली एक ओळ नको. तिथेही नको, इथेही नको."

ठक्.

 मॅडम रंगनाथला म्हणाल्या, "ती ओळ काढा. सुरुवातीपासून घ्या. शब्दाला शब्द."

"सगळं, मॅडम?" रंगनाथने विचारलं. "ते... बाईंचं चुकलं, तेही?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी शरणम्माकडे बघितलं नाही. एवढं माझं मला सांगता येत होतं.

"तेही लिहा," मी म्हटलं. "नाव हुलिगेम्मा. पुनर्वसन कार्यकर्ती."

मग सगळं पुन्हा झालं. ती बोलली, मी बोलले, रंगनाथने लिहिलं आणि प्रत्येक वाक्य परत वाचून दाखवलं. दोनदा त्याने शब्द बदलला, दोनदा फळी वाजली. तिसऱ्यांदा वाजायच्या आत तो स्वतःच थांबला, "एक मिनिट, माझं चुकलं," असं म्हणून दुरुस्त केलं. पंधरा मिनिटं गेली असतील. अफशीन खुर्चीच्या हाताला टेकून उभी होती, कुठे जायची घाई नसल्यासारखी. सात उत्तरपत्रिकांची पिशवी नागव्वाने पुढे आणून वर दिली. तिचे डोळे सुजलेले होते आणि तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. तिच्या लेकीची हातात आलेली परवानगी गेली होती, आणि त्यात माझाही हात होता. तिला समजवायला गाडीत वेळ मिळणार होता. समजली नाही तर मी ऐकून घेणार होते.

शेवटी रंगनाथने ते शेवटचं वाक्य वाचलं. "परत वाचून दाखवल्याशिवाय आमच्या नावाखाली एक ओळ नको. तिथेही नको, इथेही नको."

सगळे फळीकडे बघत होते. ठक् ठक्.

रंगनाथ गोंधळला. मॅडमही. मी वाकून तिचं ऐकून घेतलं.

"तुम्ही 'आमच्या' लिहिलं," मी म्हटलं. "ती 'माझ्या' म्हणाली होती. पण तिला आता 'आमच्या' बरं वाटतंय. सातांचं. म्हणून ते दोन ठोके तुम्हाला नव्हते, तिने स्वतःच्याच आधीच्या वाक्याला मारले. तुमचं राहू दे."

ठक्.

"कोप्पळ, नोंद झाली," मॅडम म्हणाल्या.

माझ्या ओठांवर आलं होतं, उपकार झाले, मॅडम. हातसुद्धा अर्धे उचलले गेले होते. ते मी खुर्चीच्या मागच्या दांड्यावर ठेवले आणि अफशीनला वाट करून दिली.